सव्वादोन एकर सेंद्रिय शेती, विटा परिसर: सौरपंप ३ एचपी की ५? आणि गोबरगॅस केवढा?

माळावरची_हळद:
नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात आमची सव्वादोन एकर माळाची जमीन आहे. १ एकर डाळिंब, अर्धा एकर हळद, उरलेल्यात भाजीपाला. सगळं सेंद्रिय आणि ठिबकवर. विहीर ६० फूट खोल, २५ फूट व्यासाची. मे महिन्यात पाणी ५० फुटांवर जातं. विहिरीपासून वरचं रान साधारण ४ मीटर उंच आहे. वीजजोडणी नाही, आतापर्यंत डिझेल इंजिनवर काम चाललंय. गोठ्यात १ खिलार गाय आणि २ म्हशी, तिन्ही दावणीलाच असतात. घरात ५ माणसं.

सौरपंप आणि गोबरगॅस दोन्ही करायचंय. विक्रेता म्हणतो, ३ एचपीवर ठिबकला प्रेशर येणार नाही, ५ घ्या. गोबरगॅस ४ घनमीटरचा सुचवलाय. त्याची स्लरी (प्लांटमधून बाहेर येणारं पातळ शेण) ठिबकमधून देता येईल का? आणि माळावर वारा भरपूर आहे, तर छोटी पवनचक्की बसवावी का?

विहीर_ते_वाफा:
ताई, एचपी शेवटी ठरवा. आधी हेड काढा, म्हणजे पाणी एकूण किती मीटर उचलायचं ते. टेंभू उपसा सिंचन योजनेचं आवर्तन आलं की विहिरी वर येतात, त्यामुळे हिशेब मे महिन्याच्याच पातळीवर करायचा.

तुमचे आकडे असे बसतात. पाणी ५० फुटांवर म्हणजे १५ मीटर. पंप चालू असताना पातळी आणखी ३ मीटर खाली जाईल असं धरा. रानाचा चढ ४. पाइप आणि बेंडमधलं घर्षण ३. फिल्टरमध्ये ५. ठिबकच्या तोंडाशी १ किलो प्रेशर हवं, ते १० मीटर. बेरीज ४० मीटर.

आता पाणी. एकरावर ५ मिलिमीटर म्हणजे २०,००० लिटर. डाळिंबाला ठिबकवर पूर्ण एकर भिजवायचं नसतं आणि एप्रिल-मेमध्ये हळद रानात नसते. तेव्हा दिवसाला ४०,००० लिटर हा आकडा सढळ हाताने धरलेला आहे.

१ घनमीटर पाणी १ मीटर उचलायला साधारण २.७ वॅट-तास लागतात. ४० गुणिले ४० गुणिले २.७ म्हणजे सुमारे ४.३ युनिट. पंप, मोटर आणि कंट्रोलर मिळून कार्यक्षमता ४५ टक्के धरली तर पॅनेलकडून साडेनऊ युनिट हवेत. आपल्याकडे उन्हाळ्यात १ किलोवॅट पॅनेल दिवसाला ४ युनिट आरामात देतं. ३ एचपीच्या संचाबरोबर येणारे ३ किलोवॅट १२ युनिट देतील. म्हणजे ३ एचपी पुरतो.

प्रेशर एचपीवर ठरत नाही, पंपाच्या हेडवर ठरतं. एकाच एचपीत कमी हेडचे जास्त पाणी देणारे आणि जास्त हेडचे कमी पाणी देणारे, असे दोन्ही पंप मिळतात. ३० मीटर हेडचा ३ एचपी बसवला तर विक्रेत्याचं म्हणणं खरं ठरेल आणि दोष एचपीवर जाईल. योजनेतून पंप घेताना अधिकारी आणि पंप कंपनी मिळून रान पाहायला येतात, त्या संयुक्त पाहणीच्या वेळी ५० मीटर हेडचा पंप लेखी नोंदवून घ्या.

तसंही 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत अडीच एकरपर्यंत ३ एचपीच मिळतो. सर्वसाधारण गटाला १० टक्के हिस्सा भरावा लागतो, अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के. पारंपरिक जोडणी नाही, ही तुमच्या बाजूची गोष्ट. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद आहे ना ते आजच पाहा, नसेल तर अर्ज तिथेच अडकतो.

आणखी एक मोजणी करा. २५ फूट व्यासाच्या विहिरीत १ फूट पाणी म्हणजे जवळपास १४,००० लिटर. संध्याकाळी इंजिन बंद केल्यावर पातळी मोजा, सकाळी पुन्हा मोजा. ३ फूट चढली तर विहीर रोजचा ४०,००० लिटर उपसा सोसेल. फूटभरच चढत असेल तर ५ एचपी घेऊन विहीर फक्त लवकर तळाला जाईल. काहीही असो, ड्राय-रनचं संरक्षण (पाणी संपलं की पंप आपोआप बंद होणं) चालू आहे याची खात्री बसवणाऱ्यासमोरच करून घ्या.

ठिबकवाला_कोरेगाव:
हिशेबाशी सहमत. पण सौरपंप थेट ठिबकला जोडला की अडचण वेगळीच येते. इंजिनचं प्रेशर दिवसभर सारखं असतं. सौरचं सकाळी ९ ला कमी, १२ ला पूर्ण, ४ ला पुन्हा कमी. एकच मोठा सेक्शन ठेवला तर सकाळी शेवटच्या ओळींना पाणी पोचत नाही आणि त्याच ओळी वर्षभर मागे राहतात.

म्हणून रानाचे निदान ४ सेक्शन करा. सकाळी आणि दुपारनंतर लहान, जवळचे सेक्शन चालवा, ११ ते २ मध्ये लांबचे आणि चढावरचे. सँड फिल्टरचं बॅकवॉशही (उलट पाणी सोडून वाळू धुणं) याच वेळात, कारण वाळू उचलायला प्रवाह जोरात लागतो. सकाळच्या मंद प्रवाहात बॅकवॉश केलं तर घाण वाळूतच राहते.

उंचावर टाकी बांधायचा विचार असेल तर हे लक्षात घ्या. ३ मीटर उंच टाकीतून फक्त ०.३ किलो प्रेशर मिळतं. साध्या ड्रिपरचा प्रवाह प्रेशरच्या वर्गमुळावर चालतो, त्यामुळे ताशी ४ लिटरचा ड्रिपर सव्वादोन लिटरच्या आसपास देतो. भाजीपाल्याच्या आखूड ओळींना हे चालतं, फक्त वेळ दुप्पट द्या. डाळिंबाला थेट पंपावरूनच द्या.

माळावरची_हळद:
खूप उपयोगी माहिती. विहिरीच्या पश्चिमेला मोकळी जागा आहे, तिथे पॅनेल बसवायचं म्हणते. शेजारच्या रानातली फवारणी अडवायला पूर्वेच्या बांधावर शेवरी आणि गिरिपुष्प लावलंय, १५ फूट उंच झालंय. सावलीचा त्रास होईल का?

विहीर_ते_वाफा:
होईल. डिसेंबरात सकाळी साडेनऊच्या सुमारास सूर्य साधारण ३० अंशांवर असतो, तेव्हा सावली उंचीच्या पावणेदोनपट पडते. १५ फुटांच्या झाडाची २६ फूट. बांधापासून ३० फूट सोडा आणि झाडं १५ फुटांच्या वर जाऊ देऊ नका, छाटलेला पाला आच्छादनाला येतोच. पॅनेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे एकावरची सावली सगळ्या ओळीचा प्रवाह दाबते. "कोपऱ्यावर थोडी सावली आहे" असं म्हणून सोडू नका.

तोंड दक्षिणेला, कल १७ अंशांच्या आसपास. माळाला मुरूम वर असतो, तो लागेपर्यंत खोदूनच पाया भरा. काळ्या मातीचा थर मध्ये ठेवला तर पावसाळ्यात माती फुगते आणि खांब कलतात. वीजरोधकाचं (लायटनिंग अरेस्टरचं) अर्थिंग आणि सांगाड्याचं अर्थिंग वेगवेगळ्या खड्ड्यांत हवं, उन्हाळ्यात त्या खड्ड्यांत पाणी घालत राहा. वळवाच्या विजांत कंट्रोलर जळण्यामागे बहुतेकदा कोरडं अर्थिंग असतं.

पॅनेल उजाडताच धुवा. तापलेल्या काचेवर विहिरीचं जड पाणी टाकलं की पांढरे डाग धरतात. जवळपास उसाचं पाचट जाळत असतील तर काजळी बसते, त्या दिवसांत आठवड्यातून दोनदा धुवा. पॅनेलखालच्या गवताला तणनाशक मारायला कोणाला सांगू नका, तुमचं प्रमाणीकरण जाईल. खुरपणी करा किंवा तिथे मेथी-कोथिंबीर घ्या.

पवनचक्कीचं थोडक्यात सांगतो, नको. पाटण तालुक्यातल्या वनकुसवड्याच्या चक्क्या उंच पठारावर आणि उंच मनोऱ्यांवर आहेत. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की ताकद आठवा हिस्सा उरते. शेतातल्या ३० फुटी खांबावर, झाडांच्या आडोशाला, हाती फारसं काही येत नाही.

शेण_सोनं:
गोबरगॅसचं मी सांगते. १ घनमीटर गॅसला रोज २५ किलो ताजं शेण लागतं. दावणीची म्हैस १५ किलो देते, खिलार गाय ८ ते १०. तुमचं रोजचं जमेल ४० किलोच्या आत, म्हणजे गॅस दीड घनमीटर. ५ माणसांच्या दोन वेळच्या स्वयंपाकाला तेवढाच लागतो. २ घनमीटरचा प्लांट घ्या. ४ चा कायम अर्धपोटी राहील आणि खर्च उगाच वाढेल.

पहिल्या भरणीला साधारण २ टन शेण हवं, ते गावातून आधी ठरवून ठेवा. शेण आणि पाणी समसमान, खडे-माती काढून. माळाची माती शेणाबरोबर आत गेली की तळाला बसते आणि काही वर्षांत घुमट निम्मा भरतो. गोठा फिनेल किंवा साबणाने धुतलात तर ते पाणी प्लांटमध्ये जाऊ देऊ नका, जिवाणू मरतात. सुरुवातीच्या गॅसमध्ये हवा मिसळलेली असते. तो पेटवू नका, बाहेर सोडून द्या. गॅसच्या पाइपला उतार द्या आणि सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायचा कॉक बसवा, नाहीतर शेगडी फडफडायला लागते. प्लांट विहिरीपासून ५० फूट तरी लांब ठेवा.

सेंद्रिय शेतीत खरी कमाई स्लरीची आहे. रोज ७५-८० लिटर निघेल. उन्हात वाळवली तर नत्राचा मोठा भाग अमोनिया होऊन उडून जातो. सावलीतल्या खड्ड्यात पाचट किंवा पालापाचोळ्यावर ओता, किंवा पाण्यात पातळ करून थेट बुंध्याशी द्या. हळदीला भरणीच्या वेळी, म्हणजे माती चढवताना, दिलेली उत्तम.

ठिबकमधून द्यायचीच असेल तर टाकीत रात्रभर निवू द्या, वरचं पाणी कापडातून आणि मग १२० मेशच्या जाळीतून गाळा, आणि मुख्य फिल्टरच्या आधी सोडा. व्हेंच्युरीला (पाण्याच्या जोरावर खत लाइनमध्ये ओढणाऱ्या नळीला) दोन्ही बाजूंच्या प्रेशरमध्ये फरक लागतो, त्यामुळे सौरपंपावर ती ११ ते २ मध्येच नीट ओढते. ढग आला की ओढणं थांबतं, तेव्हा सोबत उभं राहावं लागेल. नंतर २० मिनिटं साधं पाणी सोडा आणि दर ८ दिवसांनी लॅटरलची (ड्रिपरच्या नळ्यांची) टोकं उघडून धुवा. दाट स्लरीचा एक डबा चुकून लाइनमध्ये गेला तर ड्रिपर एकेक काढून साफ करावे लागतात.

माळावरची_हळद:
उद्या संध्याकाळी आणि परवा सकाळी विहिरीची पातळी मोजून इथे टाकते. सातबाऱ्यावर विहीर आहे, आत्ताच पाहिलं.