नव्या लहान ट्रॅक्टरचा लोडर मध्येच का थबकतो?

प्रश्न : गेल्या महिन्यात घेतलेल्या ट्रॅक्टरच्या लोडरने (पुढे बसवलेल्या, बकेटने माल उचलणाऱ्या जोडयंत्राने) शेणखत टाकताना बकेट झटकन उलटते; परंतु लगेच तिच्या कडेने ढीग दाबू गेल्यास लिव्हर पूर्ण रेटूनही दोन सेकंद काहीच घडत नाही. पंप सदोष असेल का?

उत्तर : तसे वाटत नाही. भरलेली बकेट स्वतःच्या वजनाने, पंप तेल पुरवतो त्याहून वेगाने झुकते; त्यामुळे तिला तेलाच्या दाबाने हलवणाऱ्या सिलिंडरच्या एका बाजूस पोकळी राहते आणि ती तेलाने भरेपर्यंत दाब निर्माण होत नाही. गिअर पंपाचा प्रवाह इंजिनच्या फेऱ्यांवर ठरतो, म्हणून थ्रॉटल थोडा वाढवून लिव्हर सावकाश ढकलावा.

दुसरे उत्तर : बकेट जमिनीवर टेकवून तेलाची पातळीही पाहावी. तेल दुधाळ, फेसाळ दिसल्यास त्यात हवा किंवा पाणी मिसळले आहे असे समजावे.

प्रश्नकर्ता : फेऱ्या वाढवताच थबकणे निम्म्यावर आले, तेलही स्वच्छ आहे. मात्र उचलून ठेवलेला लोडर सकाळी वीतभर खाली आलेला असतो.

उत्तर : व्हॉल्व्हच्या स्पूलमधून (तेलाची वाट उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याच्या फटीतून) तेल किंचित झिरपतेच, त्यात नवल नाही, काही मिनिटांतच खाली येऊ लागला, तर मात्र वॉरंटीत दाखवावा. मुळात तो रात्री उचलून ठेवूच नये.