आईची दोन नावं, मृत्यू दाखला एकाच नावाचा. घराचं नामांतरण अडलंय, इंदूरकरांनी मार्ग सांगावा

सुदामानगरकर

नमस्कार मंडळी. आई जाऊन सव्वा दोन महिने झाले. दिवसकार्य सगळं यथासांग झालं, आता कागदांच्या मागे लागलोय आणि तिथेच अडकलोय. इथे इंदूरची बरीच मराठी मंडळी आहेत, कुणाच्या तरी घरी हे झालंच असेल म्हणून विचारतो.

आईला दोन नावं होती. खरी नावं इथे लिहीत नाही. माहेरची मालती आणि सासरची सुनंदा असं धरून चला. माहेर देवासचं. 1971 मध्ये शाळेत नोकरी लागली ती मालती म्हणून, माहेरच्या आडनावानं. लग्न 1974 चं, इथेच रामबागेत. आत्या अजून सांगते, तांदळाचं ताट पुढे आलं, बाबांनी अंगठीनं ‘सु’ काढला आणि अंगठी हातातून निसटली, म्हणून पुढचं ‘नंदा’ त्यांनी बोटानंच लिहिलं. मग सगळ्यांना पेढे वाटले आणि आई सुनंदा झाली. ते तांदूळ दुसऱ्या दिवशी भाताला गेले. कागद असा कुठलाच झाला नाही. तेव्हा कुणाच्याच घरी होत नसे.

नोकरीत नाव बदलायची खटपट तिनं केली नाही. त्यामुळे सर्व्हिस बुक, पॅन, पेन्शनचं खातं आणि आरोग्य विम्याची पॉलिसी हे सगळं मालतीच्या नावावर. सुदामानगरचं घर 1987 चं, त्याची रजिस्ट्री सुनंदाच्या नावावर आणि आमच्या आडनावानं. मतदार ओळखपत्र, आधार, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंबाचा ओळख क्रमांक), मालमत्ता कराचं खातं, नर्मदेच्या नळाचं कनेक्शन, सगळीकडे सुनंदा.

शेवटच्या आजारपणात तिला एका खासगी रुग्णालयात नेलं. रात्रीचे अडीच वाजले होते, कॅशलेससाठी विम्याचं कार्ड मागितलं, मी ते पुढे केलं. भरती मालतीच्या नावानं झाली. चौथ्या दिवशी ती गेली, रुग्णालयानं त्याच नावानं माहिती पाठवली आणि दाखला मालतीच्या नावाचा आला. यात रुग्णालयाची चूक नाही, कार्ड मीच दिलं होतं. तेव्हा हे सुचलंच नाही.

पेन्शनचं खातं या दाखल्यावर बंद झालं, विम्याचं एक बिल अजून बाकी आहे. घराच्या नामांतरणाला, म्हणजे खात्यावर वारसांचं नाव लावायला, नगर निगमच्या झोन कार्यालयात गेलो तर खिडकीवरच्या माणसानं रजिस्ट्री आणि दाखला शेजारी शेजारी ठेवून दोनदा वाचला आणि म्हणाला, “भाईसाहब, हमारे हिसाब से तो सुनंदा जी अभी जीवित हैं.” तो उद्धट बोलला नाही. त्याच्यासमोरच्या कागदांवरून त्याचं बरोबरच होतं. पण गाडी काढून महू नाक्यापर्यंत आलो आणि तिथे रस्त्याच्या कडेला थांबावं लागलं.

आता प्रश्न. दाखल्यावरचं नाव बदलून सुनंदा करून घ्यावं का? तसं केलं तर विम्याचं राहिलेलं बिल आणि पेन्शनवाले उलटे विचारतील, मालती कुठे गेली? दोन्ही नावं ‘उर्फ’ लावून एकाच दाखल्यावर येतात का? की नुसत्या नोटरीच्या शपथपत्रावर काम भागतं?

आणि एक मनातलं सांगतो. सोय म्हणून एक नाव पुसून टाकायला मला जड जातंय. चाळीस वर्षं तिनं हजेरीपटावर मालती म्हणून सही केली आणि घरात सुनंदा म्हणून हाकेला ओ दिली. शक्य असेल तर दोन्ही नावं राहावीत अशी इच्छा आहे.

रामबागची सून

दादा, आधी आईंना नमस्कार. आमच्याकडे सासूबाईंचं अगदी हेच झालं होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, दाखला रद्द करून नवा काढायच्या भानगडीत पडू नका. तसं सुचवणारे भेटतात. आम्ही दुरुस्तीचा अर्ज दिला आणि तुम्ही म्हणताय तसंच ‘उर्फ’ लावून मिळालं. आधी नाही म्हणाले होते. मग दोन्ही नावांचे कागद एका फायलीत लावले, डावीकडे माहेरच्या नावाचे आणि उजवीकडे सासरच्या नावाचे, आणि दोन्हीकडे फोटो असलेला एक एक कागद सगळ्यात वर ठेवला. फोटो एकाच बाईचे आहेत हे समोरच्याला डोळ्यांनी दिसलं की अर्धी चर्चा संपते.

शपथपत्र करून घ्याच, पण त्यात नुसतं “दोनों नाम एक ही महिला के हैं” एवढं लिहू नका. लग्न कधी झालं, कुठे झालं, नाव कधी आणि कोणत्या रीतीनं बदललं ते सगळं लिहा. आमच्या नोटरींना मराठी लोकांत लग्नात बाईचं पहिलं नावसुद्धा बदलतात हे ठाऊक नव्हतं. त्यांना आडनाव बदलणं कळत होतं, पहिलं नाव बदलणं पटतच नव्हतं. ते एका वाक्यात समजावून लिहिलं तेव्हा पुढच्या टेबलावर कुणी काही विचारलं नाही.

आणि ‘ळ’ सांभाळा. सासूबाईंच्या माहेरच्या आडनावात ळ आहे. एका कागदावर ल, एकावर ड आणि इंग्रजीत तिसरंच. अर्जात एकदाच स्पष्ट लिहून द्या की ही सगळी एकाच आडनावाची रूपं आहेत, नाहीतर एक दुरुस्ती झाली की दुसरी निघते.

मालव्यातला निवृत्त

मी मालव्यातल्या एका छोट्या नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीचं काम बरीच वर्षं केलं. इंदूरचा अनुभव नाही, पण कायदा सगळीकडे एकच आहे, 1969 चा जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम.

वरच्या ताईंनी बरोबर सांगितलं. कलम 15 प्रमाणे निबंधक नोंदीतली चूक दुरुस्त करू शकतो, पण मूळ नोंद खोडत नाही. रजिस्टरच्या समासात दुरुस्ती लिहायची, खाली सही आणि तारीख. म्हणजे तुमच्या आईचं पहिलं लिहिलेलं नाव तिथून जात नाही. ही भीती मनातून काढून टाका.

दुरुस्तीसाठी नियमात दोन विश्वासार्ह व्यक्तींचं घोषणापत्र मागितलं आहे. चूक काय आणि खरी वस्तुस्थिती काय, हे ज्यांना स्वतःला माहीत आहे अशा दोघांचं. नातेवाईक नको असं काही त्यात म्हटलेलं नाही. माझ्या टेबलावर बरेच लोक वॉर्डातल्या पुढाऱ्याला घेऊन यायचे, त्या बिचाऱ्याला काहीच माहीत नसायचं. तुम्ही तसं करू नका. ज्यांनी आईंना दोन्ही नावांनी ओळखलं अशी माणसं आणा.

अर्ज कुठे द्यायचा यात लोक फार फसतात. माणूस राहत कुठे होता यावर ते ठरत नाही. मृत्यू जिथे झाला, तिथल्या निबंधकाकडे नोंद असते. तुमच्या दाखल्यावर ज्याची सही आहे तिथेच जा, घराजवळच्या झोनवर नाही.

इतर वाचकांसाठी एक सांगून ठेवतो. मृत्यूची माहिती 21 दिवसांत द्यायची असते. रुग्णालयात झाला तर ते काम रुग्णालयाचं, घरी झाला तर कुटुंबप्रमुखाचं. घरी गेलेल्या माणसासाठी मुक्तिधामची (स्मशानाची) पावती जपून ठेवा. 21 ते 30 दिवसांत विलंब शुल्क भरून होतं, त्यानंतर वर्षाच्या आत वरची लेखी परवानगी लागते, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्याचा आदेश. रुग्णालय जो माहितीचा फॉर्म भरतं, त्यातलं नाव सही करण्याआधी एकदा वाचा. त्या क्षणी कुणाचं लक्ष नसतं हे मला माहीत आहे, म्हणून शेजाऱ्याला किंवा जावयाला हे काम सांगून ठेवावं.

वकिली करते, इंदूर

घराबद्दल थोडं. निगमच्या खात्यात नामांतरण होणं म्हणजे मालकी मिळणं नव्हे. ती कर कुणाकडून घ्यायचा याची नोंद आहे, न्यायालयांनी हे पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. आईंनी मृत्युपत्र केलेलं नसेल तर 1956 च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे मुलगे, मुली आणि तुमचे वडील हयात असतील तर ते, सगळ्यांचा सारखा हिस्सा. बहीण असेल आणि तिला हिस्सा नको असेल तर तोंडी चालत नाही, नोंदणीकृत हकत्यागपत्र (हक्कसोडपत्र) करा. घरात सगळं गोड असतानाच करा.

अर्जाची पावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मध्य प्रदेशात 2010 पासून लोक सेवा गारंटीचा कायदा आहे. अधिसूचित सेवेला दिवस ठरलेले असतात आणि विनाकारण उशीर झाला तर अधिकाऱ्याला रोज 250 रुपये, जास्तीत जास्त 5000 रुपये दंड होऊ शकतो. पण पावतीवर तारीख असेल तरच मोजणी होते. फारच अडलं तर 181 वर, म्हणजे मुख्यमंत्री हेल्पलाइनवर तक्रार, किंवा मंगळवारची जनसुनवाई (अधिकाऱ्यांसमोर थेट तक्रार मांडायचा दिवस) आहे. तिथवर जायची वेळ येईल असं तुमच्या प्रकरणात वाटत नाही.

देवासचा

सर्व्हिस बुक नीट पाहिलंत का? माझ्या मावशीच्या सर्व्हिस बुकात लग्नानंतरच्या नॉमिनेशनच्या पानावर नवरा आणि सासरचं नाव लिहिलेलं सापडलं होतं. दोन्ही नावं एकाच कागदावर असतील तर तो सोन्यासारखा समजा.

सुदामानगरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितोय, कारण काहीतरी झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

देवासच्या भावानं सांगितलं म्हणून आईची लोखंडी पेटी पुन्हा काढली. सर्व्हिस बुकाची प्रत निघाली आणि नॉमिनेशनच्या पानावर, लाल शाईत, 1975 ची तारीख घालून कुणीतरी लिहिलंय, “विवाहोपरांत नाम सुनंदा”, पुढे आमचं आडनाव आणि कार्यालयाचा गोल शिक्का. शिक्क्याची शाई पसरली आहे पण नाव स्वच्छ वाचता येतं. इतकी वर्षं ती पेटी आमच्याच पलंगाखाली होती.

मी दोनदा चुकीच्या ठिकाणी गेलो होतो हेही निवृत्त काकांमुळे कळलं. या वेळी दाखल्यावरच्या निबंधकाच्या कार्यालयात गेलो.

दोन माणसांबद्दल काकांनी लिहिलं तेव्हा मला पुढचं लगेच सुचलं. देवासहून मावशीला आणलं आणि रामबागेतून आत्याला. मावशी 76 वर्षांची, आत्या 79. दोघींना जिना चढणं जमेना, तिथल्या शिपायानं खुर्च्या खाली आणून दिल्या आणि कार्यालयातल्या बाई कागद घेऊन खालीच आल्या. मावशी सांगत होती, “हमारी मालू”, आणि आत्या सांगत होती, “हमारी सुनंदा वहिनी”. बाईंनी विचारलं, तुम्हाला दुसरं नाव माहीत होतं का? आत्या म्हणाली, ते ताट मीच धरलं होतं. मग तिनं अंगठी निसटल्याचं सगळं हिंदीतून सांगितलं. बाई लिहिता लिहिता थांबून ऐकत होत्या. घोषणापत्रावर मावशीनं सही केली, आत्याचा हात थरथरतो म्हणून तिनं अंगठा दिला.

अर्ज घेतला आहे. सर्व्हिस बुकाचं ते पान, रजिस्ट्री, आधार, पॅन, शपथपत्र आणि लग्नातला एक फोटो जोडलाय. आडनावाची सगळी रूपंही रामबागच्या वहिनींनी सांगितल्याप्रमाणे लिहून दिली. ‘उर्फ’ लावायला हरकत दिसत नाही असं बाई म्हणाल्या, पुढच्या गुरुवारी बोलावलं आहे. पावतीवर तारीख आहे, ती पाहून घेतली.

बहिणीशी हकत्यागाबद्दलही बोललो. ती पुण्याहून दिवाळीत येणार आहे, तेव्हा दोघं मिळून ठरवू.

परत येताना दोघी मागच्या सीटवर होत्या. देवासला मालू कशी भांडायची ते मावशी सांगत होती आणि आत्या म्हणत होती, आमच्याकडे तर पन्नास वर्षांत तिचा आवाज कधी चढला नाही. मला यातलं अर्धं ठाऊक नव्हतं. गाडी हळू चालवली.