नऊ वर्षं उभी असलेली मारुती ८०० पुन्हा रस्त्यावर आणायची आहे, मदत हवी

नमस्कार मंडळी,

लांज्याजवळ आमच्या गावच्या घरी बाबांची मारुती ८०० आहे. मार्च १९९७ चं पासिंग, पांढरी, कार्बोरेटरवाली, चार गिअरची. २०१६ च्या दिवाळीनंतर ती जागची हललेली नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावरही बाबांना रात्रीचं नीट दिसेना, तेव्हा त्यांनी आपणहून चावी आईच्या हातात दिली. २०१९ मध्ये बाबा गेले. त्यानंतर आई अधूनमधून गाडीवरची ताडपत्री नीट करायची, एवढंच.

आता जानेवारीपासून मी आईजवळ राहायला जातेय. माझं काम घरून चालतं. गावात एसटी दिवसातून दोनदा येते, रिक्षा सांगून ठेवावी लागते, आणि आईला दर महिन्याला डॉक्टरकडे न्यावं लागतं. म्हणजे गाडी लागणारच. सगळे म्हणतात, सेकंडहँड दुसरी घे, ही भंगारात दे. भंगारवाला दोनदा येऊन गेला. पण मी गाडी शिकले ती याच गाडीवर. आणि आईचं म्हणणं एकच, "चालू झाली तर राजापूरला माहेरी जाऊन येऊ यातनं." मला ती प्रदर्शनात ठेवण्यासारखी चकचकीत करायची नाही. रोज वापरता यावी, ब्रेक खात्रीचे असावेत आणि कागद सरळ असावेत, इतकंच. ८० हजार बाजूला काढलेत.

गाडीची अवस्था सांगते. शेडला तीन बाजूंनी चिऱ्याच्या भिंती आहेत, वर पत्रा. पाऊस थेट लागत नाही, पण कोकणातली चार महिन्यांची ओल तुम्हाला माहीत आहे. चारही टायर बसलेत. हँडब्रेक ओढलेलाच होता. एअर फिल्टरचा डबा उघडला तर आत उंदरांनी पेंढा आणून घर केलेलं, त्यात काजूची टरफलं, आणि फिल्टरचा कागद पार कुरतडलेला. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचं घर बांधून टाकलंय, बोटाने फोडलं तर सुकलेल्या कोळ्यांचा चुरा पडला. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचललं आणि पाच रुपयांच्या नाण्याएवढ्या भोकातून खालची लाल माती दिसली. खरं सांगायचं तर मी तिथेच खाली बसले.

बाबा प्रत्येक कामाची नोंद ठेवायचे. डॅशबोर्डच्या कप्प्यात त्यांची वही सापडली. टायमिंग बेल्ट जून २००८, ५१,२०० किमी. क्लच प्लेट नोव्हेंबर २०१२, ५९,६४० किमी. बॅटरी मे २०१४. शेवटची ओळ २ नोव्हेंबर २०१६ ची आहे: ६८,४१२ किमी, पेट्रोल १० लिटर. म्हणजे ते १० लिटर बहुतेक अजून टाकीतच आहेत. झाकण उघडलं तर पेट्रोलचा वास नाही, जुन्या रंगाच्या डब्यासारखा आंबूस वास येतो.

गेल्या महिन्यात शेजारच्या मुलाने ट्रॅक्टरची बॅटरी लावून सेल्फ मारून बघितला. एकदाच 'टक' झालं, पुढे काही नाही. मग तालुक्याचे एक मिस्त्री आले. बॉनेट उघडून दोन मिनिटांत म्हणाले, "ताई, इंजिन जाम आहे, उतरवावं लागेल. ३५ हजार धरून चला." त्यांनी प्लगसुद्धा काढून बघितले नाहीत, म्हणून मी थांबले.

मला विचारायचंय ते असं. इंजिन न उतरवता ते खरंच जाम आहे की नाही हे कसं कळेल? पत्रा किती खाल्लेला असला म्हणजे नाद सोडावा? आता पंपावर ई२० पेट्रोलच (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) मिळतं, ते या गाडीला चालेल का? आणि आरसी बाबांच्या नावावर आहे, मुदत मार्च २०१७ ला संपलीय, तर कागदांची सुरुवात कुठून करू?

पहिली भर, दहा दिवसांनी

इतक्या जणांनी मनापासून लिहिलंत, आभार कसे मानू कळत नाही. ज्या काकांनी "पोरी, आता सेल्फला हात लावू नकोस" असं तीनदा बजावून लिहिलं, त्यांचं शब्दशः ऐकलं. त्यांनी दिलेलं कारण इथे पुन्हा लिहिते, कारण मला ते कुणी आधी सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं उभ्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीवर तेल राहत नाही, ओलीने पिस्टनच्या रिंगा भिंतीला धरतात. अशात स्टार्टरने जोर लावला तर रिंग मोडते किंवा भिंतीवर ओरखडा पडतो, आणि मग इंजिन खरोखरच उतरवावं लागतं. जोर हाताचाच हवा, कारण अडलं की ते हाताला कळतं.

त्याप्रमाणे तिन्ही प्लग काढले. दोन सहज निघाले, मधला निघेना. त्यावर तेल सोडून एक रात्र ठेवला, सकाळी थोडा पुढे थोडा मागे करत काढला. टोकाला तांबडा गंज होता, बाकी दोन काळेच होते. प्रत्येक भोकात इंजिन ऑइल आणि डिझेल मिसळून दोन-दोन चमचे सोडलं, वर फडकं लावलं आणि चार दिवस गाडीकडे गेले नाही. रोज सकाळी आई मात्र जाऊन बघून यायची.

पाचव्या दिवशी गाडी न्यूट्रलला आहे हे बघून क्रँकच्या पुलीच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावला. आधी काहीच नाही. जोर न वाढवता पुढे-मागे, पुढे-मागे करत राहिले. विसेक मिनिटांनी पाना अर्धा इंच सरकला. नंतर एक इंच. आत तेलाचा 'चुळुक' असा आवाज आला. दुपारी जेवणाआधी पुलीचा अख्खा फेरा झाला, प्लगच्या भोकांतून काळं-तांबडं तेल बाहेर आलं. इंजिन जाम नाही! आईला हाक मारली तेव्हा ती पदराला हात पुसत आली आणि म्हणाली, "मी सांगत नव्हते?"

आता पुढची गोष्ट. टायमिंग बेल्टचं कव्हर काढून बघितलं. दातांच्या मुळाशी बारीक चिरा आहेत. २००८ चा पट्टा, म्हणजे किलोमीटर कमी झाले तरी रबराला १७ वर्षं झाली. नवा पट्टा टाकल्याशिवाय सेल्फ मारणार नाही, हे ठरलं.

पत्र्याबद्दल ज्यांनी लिहिलं त्यांची कसोटी मला फार उपयोगी पडली. दिसणारा गंज सोडून द्या, गाडी ज्या जागांवर उभी असते त्या तपासा. म्हणजे जॅक लावायच्या जागा, पुढच्या सस्पेन्शनचे वरचे टोप, मागच्या सस्पेन्शनच्या पकडी, सीटबेल्टचे बोल्ट. गाडीखाली घोडे (गाडी उचलून धरणारे लोखंडी स्टँड) लावून एकेका जागी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकायचं. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आला तर टोकाने दाबून बघायचं. आमच्या गाडीत ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा आणि डाव्या मागच्या चाकावरची कमान एवढ्या दोन जागा गेल्यात. टोप आणि सीटबेल्टच्या जागा टणक आहेत. जॅकची एक जागा पोपडे धरलेली आहे, पण टोक आत गेलं नाही. गावातल्या वेल्डरला दाखवलं. तो म्हणाला, कुजलेला भाग कापून नवा पत्रा जोडतो, नुसतं वरून ठिगळ लावणार नाही. हा माणूस मला पटला.

ब्रेकचं मात्र कुणीच हलक्यात घेऊ नका, माझ्यासारख्या आणखी कुणाची गाडी उभी असेल तर. मागचे दोन्ही ड्रम निघता निघत नव्हते, हँडब्रेक ओढलेला राहिल्यामुळे लायनर ड्रमला चिकटून बसलेले. लाकडी हातोडीने कडेकडेने ठोकून काढले. आत व्हील सिलिंडरचे पिस्टन गंजून दगड झालेत. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, ते नऊ वर्षं नळ्यांत बसून आतून गंज चढवतं, म्हणून नुसतं ऑइल बदलून भागत नाही. मागचे सिलिंडर नवे, मास्टर सिलिंडरचं किट, रबरी होजपाइप, सगळं नवं. खर्च आधी इथे, मग इंजिनला. मोठ्या भावाचं उलटं मत आहे, आधी इंजिन चालू होतंय का बघू, मग बाकी. पण चालू झालेली गाडी अंगणात एक फेरी मारायचा मोह कुणाला आवरणार? आमचं अंगण उताराचं आहे आणि खाली विहीर आहे.

ई२० बद्दल तुमच्या उत्तरांतून मला जे कळलं ते बरोबर आहे का बघा. इथेनॉल जुन्या होजपाइपचं आणि पंपाच्या डायफ्रामचं रबर फुगवतं, शिवाय टाकीतला जुना चिकटा सोडवून कार्बोरेटरच्या जेटमध्ये आणून बसवतं. म्हणून टाकी उतरवून आतून धुवायची, सगळ्या पेट्रोलच्या नळ्या इथेनॉलला चालणाऱ्या घ्यायच्या, कार्बोरेटर आणि पेट्रोल पंपाचं किट नवं टाकायचं, पहिले काही दिवस एक जादा फिल्टर गाडीत ठेवायचा, आणि टाकी भरून गाडी महिनाभर उभी ठेवायची नाही.

दुसरी भर, कागदांबद्दल

गावात दोघातिघांनी घाबरवलं होतं की पंधरा वर्षांवरची गाडी आता चालवताच येत नाही. तो नियम दिल्ली परिसरातला आहे. आपल्याकडे खासगी गाडीला पहिल्या पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणी वाढवून मिळते. बाबांनी २०१२ मध्ये ती केलेली आहे, पावती वहीतच होती.

मी आतापर्यंत जमवलेलं असं: वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१. मालक वारल्यावर ३० दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो, ते आमच्याकडून राहून गेलं. मृत्यूचा दाखला आहे, आई आणि भाऊ प्रतिज्ञापत्र द्यायला तयार आहेत. नोंदणी वाढवायला फॉर्म २५. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला त्याची फी १० हजार झालीय. त्यावर पर्यावरण कर. एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरच्या पाट्या. विमा निदान थर्ड पार्टी तरी हवाच, हजार सीसीच्या आतल्या गाडीला वर्षाचा हप्ता २,०९४ रुपये आणि त्यावर जीएसटी धरला होता. मग पीयूसी.

सगळ्यात भीती वाटते ती नोंदणी वाढवायला झालेल्या उशिराच्या आकाराची. मोटारीला दर महिन्याला ५०० रुपये. मार्च २०१७ पासून धरले तर शंभरावर महिने होतात, म्हणजे ५० हजारांच्या वर. माझं ८० हजारांचं गणित तिथेच कोलमडतं. पण हा आकार एप्रिल २०२२ च्या नव्या नियमांत आलाय. ज्यांनी त्यानंतर जुनी गाडी पास करून घेतलीय त्यांनी कृपा करून सांगा, तुमच्याकडून मोजणी कधीपासून केली? आणि आधी नाव बदलायचं की आधी पासिंग? विमा बाबांच्या नावावर निघणार नाही आणि नाव बदलल्याशिवाय माझ्या नावावर निघणार नाही, इथे मी अडकलेय.

गाडी तपासणीला रत्नागिरीला नेताना ती टेम्पोवर चढवूनच न्यायची हे मी पक्कं केलंय. नोंदणी संपलेली, विमा नसलेली गाडी हायवेला चालवत नेणार नाही, वाटेत कुणाला काही झालं तर काय करू? चेसिस नंबरचा पेन्सिलने छाप घ्यावा लागेल म्हणून इंजिनमागच्या पत्र्यावरचं काळं रॉकेलच्या फडक्याने पुसून काढलं. सगळे आकडे शाबूत आहेत आणि आरसीशी जुळतात.

आजची स्थिती: पट्टा, ब्रेकचं सामान आणि १४५/७० आर १२ चे चार टायर सांगून ठेवलेत. जुन्या टायरवर ३५१२ असा शिक्का आहे, म्हणजे २०१२ सालचा ३५ वा आठवडा, नक्षी भरपूर आहे पण कडेला चिरा पडल्यात, ते ठेवणार नाही. परवा वेल्डर येतोय, त्याच्याआधी टाकी उतरवायची आहे म्हणजे आगीचा धोका नको.

एक नवीन अडचण आहे. क्लच दाबून गिअरमध्ये टाकली तरी मागून ढकलल्यावर इंजिन सोबत फिरतं. केबल ठीक आहे, खाली क्लचचा फाटा हलताना दिसतो. क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटली असणार असं वाटतं. गिअरबॉक्स न उतरवता ती सुटते का? एकांनी क्लच दाबून पेडलला लाकडाचा ठोकळा अडकवून आठवडाभर ठेवायला सांगितलंय, तो आज लावला. दुसरा कुठला उपाय कुणी केला असेल तर लिहा. आणि लांजा, राजापूर, रत्नागिरी या पट्ट्यात कार्बोरेटर स्वतःच्या हाताने खोलून बसवणारे जुने मिस्त्री कुणाच्या माहितीत असतील तर मला व्यक्तिगत निरोप करा. मी घ्यायला येईन, जेवण आमच्याकडे.