आवाज थकल्यावरचा शेवटचा कॉन्सर्ट अल्बम म्हणून विकावा का? (ग्रेग ऑलमन, बीकन थिएटर, २०१४)

बाराबंदी
ऑलमन ब्रदर्स या अमेरिकन ब्लूज-रॉक बँडच्या शेवटच्या कॉन्सर्टचा अल्बम २०२४ मध्ये आला. न्यूयॉर्कचं बीकन थिएटर, २८ ऑक्टोबर २०१४ ची रात्र. घेऊन ठेवला होता, मुहूर्त काल लागला. घरातले झोपल्यावर हेडफोन लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत एका बैठकीत ऐकला आणि खरं सांगू का, वाईट वाटलं. वॉरेन हेन्स आणि डेरेक ट्रक्सच्या गिटारींबद्दल बोलायलाच नको, दोघं नुसते सुटलेत. पण ग्रेग? ज्याच्या गळ्यावर हा बँड ४५ वर्षं उभा होता तो माणूस इथे ओळ धरतो आणि शेवटचा शब्द गिळतो, वरचा सूर आला की हळूच बाजूने निघून जातो, आणि मग मागून ऑर्गन किंवा गिटार येऊन ती जागा भरते. १९७१ च्या, न्यूयॉर्कच्याच फिलमोर ईस्ट थिएटरातल्या लाइव्ह अल्बममध्ये हाच माणूस तेवीस वर्षांचा होता आणि साठीतल्यासारखा गायचा. साठी खरंच उलटली तेव्हा मात्र तो गळा राहिला नाही.

माझं म्हणणं एवढंच की ती रात्र तिकीट काढून आलेल्यांची होती, त्यांनी ती घरी नेली, छान झालं. आपल्याला दहा वर्षांनी डबीत भरून विकायची गरज काय होती? तसंही या बँडने प्रेक्षकांना टेप करायला परवानगी दिलेली, म्हणजे ज्यांना पाहिजे त्यांच्याकडे हे आधीपासूनच असणार.

मुळामुठा
ब्लूजमध्ये गळा थकला म्हणून तक्रार करणारा माणूस आज पहिल्यांदा बघितला. उद्या म्हणाल मिसळ तिखट आहे.

चहाबाज
बाराबंदी, तुम्ही ऐकलंत नीट पण चुकीच्या बाजूने ऐकलंत असं मला वाटतं. 'व्हिपिंग पोस्ट'चंच घ्या. १९६९ मध्ये ग्रेगने हे लिहिलं तेव्हा तो २१ वर्षांचा. रात्री सुचलं, कागद सापडेना, दिवा लावायची सोय नाही, तर पठ्ठ्याने काड्या ओढून विझवल्या आणि त्यांच्या कोळशाने इस्त्रीच्या टेबलावरच्या कापडावर शब्द उतरवले. आता एकवीस वर्षांच्या पोराला खांबाला बांधून फटके खाल्ल्याचं गाणं सुचतं म्हणजे त्यात निम्मं नाटक असणारच की, त्याने तोवर बघितलेलं असं काय? म्हणजे लहानपणी वडील गेलेले हे खरं, पण तरी. त्यानंतर १९७१ मध्ये मोठा भाऊ ड्वेन, बँडचा गिटारवाला, जॉर्जियातल्या मेकन गावात मोटरसायकलच्या अपघातात गेला, २४ व्या वर्षी. वर्षभराने बेसवाला बेरी ओकली, तोही मेकनमध्येच, तोही मोटरसायकलच्याच अपघातात. मग स्वतःची व्यसनं, लग्नं, हेपटायटिस, २०१० मध्ये लिव्हर ट्रान्सप्लांट. आणि बीकनच्या त्या रात्री लिव्हरचा कॅन्सर परत आलेला होता, जे बाहेर जवळजवळ कुणालाच माहीत नव्हतं. तेच शब्द हा माणूस ६६ व्या वर्षी म्हणतोय. तुम्हाला सूर हुकलेला ऐकू येतो, मला असं ऐकू येतं की नाटक संपलं आणि गाणं आता कुठे खरं व्हायला लागलं.

आणि शेवटचं गाणं विसरलात का? सगळं झाल्यावर ग्रेग लोकांना सांगतो की १९६९ च्या मार्चमध्ये जॅक्सनव्हिलला आम्ही पहिल्यांदा एकत्र वाजवायला बसलो तेव्हा जे वाजवलं तेच आता वाजवतो. जुन्या ब्लूजवाल्या मडी वॉटर्सचं 'ट्रबल नो मोर'. तोवर रात्रीचे बारा वाजून गेलेले, म्हणजे तारीख २९ ऑक्टोबर, ड्वेन गेला तीच. हे डबीत भरायचं नाही तर काय भरायचं?

बाराबंदी
@चहाबाज, गोष्ट सुंदर आहे आणि तुम्ही सांगितलीतही सुंदर, पण तोच तर लोचा आहे. गोष्ट माहीत असली की सगळं हृदयद्रावक होतं. ज्याला यातलं काहीच माहीत नाही त्याच्या कानाला काय लागेल? मी बायकोला ऐकवलं, ती म्हणाली गिटार मस्त आहे, गाणाऱ्याला सर्दी झालीय का.

रविवारचा_रियाज
सर्दीवरून आठवलं, मार्चमधले काही शो ग्रेगला ब्राँकायटिस झाल्यामुळे रद्द झाले होते आणि तेच ऑक्टोबरात घेतले 😀 म्हणजे वहिनींचं निदान सहा-सात महिने उशिरा का होईना पण बरोबर.

बाय द वे याला निरोपाचा दौरा म्हणणं पण जरा ओढूनताणूनच. जानेवारी २०१४ मध्ये वॉरेन आणि डेरेकने जाहीर केलं की वर्षअखेर आम्ही बाहेर पडतो, आणि बाकीच्यांनी मग बँडच मिटवला.

माझी तक्रार वेगळीच आहे. त्या रात्री बँडचा मूळ गिटारवाला डिकी बेट्स स्टेजवर नव्हता. २००० मध्ये त्याला काढलं ते काढलंच. 'इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड' हे त्याचं आहे राव! त्याच्याशिवाय 'शेवटची रात्र' कसली? डिकी गेला एप्रिल २०२४ मध्ये आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हा अल्बम. मूळ सहांपैकी आता फक्त ड्रमर जेमो उरलाय.

मुळामुठा
डिकीचा विषय काढलात म्हणजे धागा शंभरी गाठणार. कृपया नको, वेगळा काढा.

अनवट
"लाइव्ह म्हणजे जसंच्या तसं" असं कुणी मानत असेल तर दोन गोष्टी सांगते. 'द बँड' नावाच्या ग्रुपचा 'द लास्ट वॉल्ट्झ', १९७६ चा निरोपाचा कार्यक्रम, सगळे डोक्यावर घेतात. त्यात स्टुडिओत बसून नंतर किती दुरुस्त्या केल्या ते आता सगळ्यांना ठाऊक आहे. आणि ज्याचे तुम्ही दाखले देताय त्या फिलमोरच्या अल्बममध्ये पण कात्री चाललेली आहे. 'स्टॉर्मी मंडे'मधला हार्मोनिकाचा सोलो उडवला होता, तो पुढच्या आवृत्त्यांत परत आला. त्यापुढे बीकनवाला अल्बम मला जास्त प्रामाणिक वाटतो. थकलाय ना, मग थकलेलाच ऐका.

माझे आजोबा म्हातारपणीच्या बालगंधर्वांना ऐकून आलेले. सांगायचे की गळा राहिला नव्हता, तरी लोक उठत नव्हते.

बाराबंदी
@अनवट, लोक उठत नव्हते हे मान्य. समोर बसलेला माणूस नाहीच उठत, मीपण नसतो उठलो. पण आजोबांनी त्याची रेकॉर्ड घेऊन घरी रोज लावली असती का, हा प्रश्न आहे.

आणि थकलेल्या गळ्याचा मान राखता येतो हे ग्रेगनेच दाखवलंय की! 'सदर्न ब्लड' ऐका, तो गेल्यावर सप्टेंबर २०१७ मध्ये आला. मसल शोल्सच्या फेम स्टुडिओत केलेला, जिथे ड्वेन आधी दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगला गिटार वाजवायचा. तिथे गाणी गळ्याच्या मापाने शिवली आहेत. लय संथ, वाद्यं मागे, आणि आवाज असा कानाशी की श्वास घेतलेलाही कळतो. तो माझ्यासाठी खरा निरोप. बीकनमध्ये दोन लीड गिटार, दोन ड्रमसेट, वर पर्कशन, एवढ्या दणक्यात त्या आजारी माणसाला तेवीस वर्षांच्या पोराची गाणी त्याच तोऱ्यात म्हणायला लावली आहेत.

चहाबाज
लावली कुणी? बँड त्याचाच होता.

मेहबूबच्या_रांगेत
मी ब्लूजवाला, ऑलमन्सचा कट्टर वगैरे नाही. २०११ ला वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत ब्लूजचा गायक-गिटारवाला बडी गाय आला होता तेव्हा पुढून चौथ्या-पाचव्या रांगेत उभा होतो, पाय गेलेले. माणूस ७४ वर्षांचा आणि मध्येच इतकं हळू वाजवायला लागला की मागच्या बारवरचे ग्लास ऐकू यायला लागले, मग अचानक असा ओरडला की शेजारच्याची बिअर माझ्या शर्टावर. त्याने निरोपाचा दौरा काढला २०२३ मध्ये, ८६-८७ व्या वर्षी. तेव्हा वय वगैरे कारणं सांगू नका.

बाराबंदी
अहो तुम्ही माझीच बाजू मांडताय! बडीचा गळा शाबूत आहे. मी वयाबद्दल बोलतच नाहीये.

मेहबूबच्या_रांगेत
अरे हो. असो, शर्टाचा डाग गेला नाही.

रविवारचा_रियाज
एक मात्र नक्की, अल्बम काढला म्हणून डेरेकचं त्या रात्रीचं वाजवणं मला नीट रेकॉर्डिंगमध्ये ऐकायला मिळालं. ड्वेन स्लाइडसाठी, म्हणजे तारेवरून घसरवत वाजवायला, सर्दीच्या गोळ्यांची काचेची बाटली बोटात घालायचा. डेरेक जन्मला १९७९ मध्ये, ड्वेन जाऊन आठ वर्षं झालेली, आणि तोही तशीच बाटली घालून वाजवतो. शिवाय त्याने अली अकबर खाँसाहेबांचा सरोद भरपूर ऐकलाय, मींडेत कळतं लगेच. हे ऐकायला मी तरी पैसे देईन, ग्रेग गायला काय नि नाही गायला काय.

चहाबाज
@रविवारचा_रियाज, हे बाराबंदींपेक्षा भयंकर आहे.

अनवट
काल रात्री एक प्रयोग केला. बाबा तबला वाजवतात, इंग्रजी गाण्यांतलं त्यांना ओ का ठो कळत नाही, ना त्यांना ड्वेन माहीत ना कॅन्सर. (बाराबंदी, तुमच्या सौंना ऐकवलंत तसंच समजा.) आधी १९७१ चं 'व्हिपिंग पोस्ट' लावलं. सुरुवातीच्या बेसला त्यांनी बोटं मोजायला घेतली, तीन तीन तीन दोन, म्हणाले अकरा मात्रा, रुद्र ताल. मी सांगितलं की लिहिणाऱ्याला स्वतःलाच माहीत नव्हतं अकरा आहेत म्हणून, भावाने मोजून सांगितलं, तर हसले. मग २०१४ चं लावलं. गाणं सुरू झाल्यावर बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "पहिला पोरगा ठेक्याच्या मागे धावतोय. हा धावत नाहीये. आजारी आहे का?"

मी हो म्हटलं.

"मग बंद कर," म्हणाले. पण खुर्चीवर बोटं चालूच होती, म्हणून मी बंद केलं नाही.

बाराबंदी
हे कुणाच्या बाजूने धरायचं?