रक्तात आम्ल वाढलेले असताना लघवीचा सामू ७ कसा?

प्रश्न (प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सोलापूर):
काल अक्कलकोटहून आलेल्या एका लहान मुलाच्या रक्तात बायकार्बोनेट (आम्ल शमवणारा घटक) १४ आणि पोटॅशियम २.८, म्हणजे दोन्ही कमी आढळले, पण लघवीत पट्टी बुडवली तेव्हा ती हिरवी झाली, म्हणजे सामू (पीएच, आम्लतेचे माप) ७, ना आम्ल ना अल्कली. रक्तात आम्ल साचले असेल तर मूत्रपिंड ते लघवीवाटे का टाकत नाही? वाहक प्रथिनांच्या अंगाने कोणी समजावून सांगेल का?

उत्तर (शरीरक्रियाशास्त्राच्या प्राध्यापिका):
इथे दोन कामे वेगळी धरावी लागतात. प्रौढ माणसाच्या मूत्रपिंडात दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यासोबत चार हजारांहून अधिक मिलिइक्विव्हॅलंट बायकार्बोनेट नलिकेत उतरते. त्यातले सुमारे ८० टक्के समीपस्थ नलिकाच (मूत्रनलिकेचा सुरुवातीचा भाग) परत घेते. तिथे एनएचई३ हे प्रथिन सोडियम पेशीत घेऊन हायड्रोजन आयन नलिकेत सोडते, आणि पेशीत नव्याने तयार झालेले बायकार्बोनेट एनबीसीई१ रक्ताकडे पोहोचवते. मात्र एवढ्या उलाढालीत शरीराबाहेर आम्ल जवळजवळ गेलेलेच नसते. ती केवळ गळती थांबवणे आहे.

दुसरे काम म्हणजे आम्लाचे खरे उत्सर्जन. ते मूत्रनलिकेच्या शेवटच्या, म्हणजे दूरस्थ भागातील संग्राहक नलिकेतल्या अल्फा इंटरकॅलेटेड नावाच्या पेशी करतात. त्यांचा एटीपीवर (पेशीतील ऊर्जेच्या रेणूवर) चालणारा प्रोटॉन पंप हायड्रोजन लघवीत ढकलतो आणि मागच्या बाजूने एई१ हे प्रथिन बायकार्बोनेट रक्तात सोडून क्लोराइड आत घेते. यांपैकी एक जरी बिघडले, तरी रक्त कितीही आम्लधर्मी असो, लघवीचा सामू सहसा ५.५ च्या खाली उतरत नाही. कमी पोटॅशियमही याच दूरस्थ नलिकेच्या दोषाकडे बोट दाखवते.

उत्तर (बालरोगतज्ज्ञ):
मॅडमचे म्हणणे पटते. या पंपाच्या काही जनुकीय दोषांत बहिरेपणही येते, कारण तोच पंप अंतर्कर्णातही असतो. म्हणून मुलाची श्रवण तपासणी आणि मुतखड्यासाठी सोनोग्राफी अवश्य व्हावी. उपचार अल्कलीचा असतो, पण पोटॅशियम आधी सावरावे लागते.

उत्तर (सूक्ष्मजीवशास्त्राचे अभ्यासक):
नमुना किती जुना होता? आपल्याकडच्या उन्हात एसटीने दोन तास प्रवास केलेल्या लघवीत जिवाणू युरियाचे अमोनियात रूपांतर करतात आणि सामू आपोआप चढतो. ताज्या नमुन्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

प्रश्नकर्ता:
आपली शंका रास्त होती. तो नमुना घरूनच आणलेला होता. आज मुलाला बोलावून इथेच नमुना घेतला आणि दहा मिनिटांत तपासला. पट्टी पुन्हा हिरवीच झाली, रक्तातील क्लोराइडही ११४, म्हणजे वाढलेले आले. डॉक्टरांना फोन करून श्रवण तपासणीचेही सुचवले आहे.