मदत हवी आहे: कडुनिंबाच्या पानांपासून सिल्व्हर नॅनोपार्टिकल्स, रंग येतो पण दुसऱ्या दिवशी काळा गाळ

नमस्कार मंडळी, एमएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टला कडुनिंबाच्या पाल्यापासून चांदीचे नॅनोकण (मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या आसपासचे बारीक कण) घेतलेत. विषय नवा नाही हे माहितीये, पुण्यात एनसीएलला (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) मुरली सास्त्रींच्या ग्रुपने २००४ लाच कडुनिंबाच्या काढ्यातून सोनं-चांदी दोन्हीचे कण केले होते, मला वाटलं एवढी जुनी गोष्ट म्हणजे आठवड्यात उरकेल. दीड महिना झाला.

करते काय ते सांगते. १० ग्रॅम ताजी पानं नळाखाली धुऊन, चिरून १०० मिली पाण्यात १५ मिनिटं उकळायची, गार झालं की आधी फडक्यातून मग व्हॉटमन १ फिल्टर पेपरमधून गाळायचं, आणि १ मिलीमोलर सिल्व्हर नायट्रेट ९० मिली घेऊन त्यात हा अर्क १० मिली. पहिल्या तीन बॅचेस अर्क घालायच्या आधीच ताकासारख्या पांढुरक्या, ठेवल्यावर जांभळट करड्या. चौथीला डिस्टिल्ड वॉटर आणलं तर आधी पिवळा मग तासाभरात कोऱ्या चहासारखा रंग, मी घरी फोन करून सांगितलं! सकाळी बघते तर तळाला काळा गाळ आणि वरचं पाणी फिकट. आमच्याकडे यूव्ही मशीन (द्रावण कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषतं ते मोजणारं) नाही, सॅम्पल घेऊन एसटीने दोन तास दुसऱ्या कॉलेजात, तिथे चांदीच्या कणांचा ४०० ते ४५० नॅनोमीटरमध्ये पीक, म्हणजे आलेखात टोक, दिसायला हवा तर नुसता पसरट उंचवटा, तोही ४७० च्या पुढे.

अर्क वाढवू की कमी करू? फ्रीजमधला चार दिवसांचा अर्क वापरला होता, तो चालतो का? आमचा वजनकाटा ग्रॅमचे दोनच दशांश दाखवतो, १०० मिलीला १७ मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट लागतं ते मी ०.०२ ग्रॅम धरून घेते. सर म्हणतात अर्काऐवजी सोडियम बोरोहायड्राइड या रसायनाने कर, लगेच होईल, पण मग ग्रीन, म्हणजे पर्यावरणाला धरून, काय राहिलं? (तसं पानं उकळायला गॅस मीही जाळतेच, व्हायव्हात कुणी विचारू नये म्हणजे झालं.)

प्रतिसाद:
पांढरं झालं ते सिल्व्हर क्लोराइड, नळाच्या पाण्यातलं क्लोराइड. पानं धुतल्यावर शेवटचा हात डिस्टिल्डचाच मार आणि काचसामानही त्यानेच विसळ. काट्याचा उपाय सोपा आहे, ०.१७ ग्रॅम १०० मिलीत घेऊन १० मिलीमोलरचं घट्ट द्रावण (स्टॉक) कर, मग दहापट पातळ. गाळ म्हणजे कण एकमेकांना चिकटून मोठे झाले. जुना अर्क टाकून दे, त्याच दिवशी काढलेला वापर, आणि एकदम १०० मिली करत बसू नकोस, टेस्टट्यूबमध्ये ५-५ मिली घेऊन अर्काचं प्रमाण बदलून बघ, फॉइल गुंडाळून अंधारात ठेव. नुसत्या अर्काचा स्कॅनही घे, त्याचा स्वतःचाच रंग तपकिरी असतो, त्याशिवाय कुणी मानणार नाही.

धागाकर्ती:
अय्यो, नुसत्या अर्काचा स्कॅन घेतलाच नाहीये मी. म्हणजे परत एसटी. सोमवारी पाच ट्यूबा लावते, सांगते काय झालं ते.