मदत हवी आहे: सासूबाईंच्या आठवणींची पुस्तिका करायचीये

नमस्कार मंडळी, माझ्या सासूबाईंचं वर्षश्राद्ध दिवाळीनंतर आहे आणि तोवर एक छोटी पुस्तिका छापून नातेवाइकांना द्यावी असं घरात ठरलंय (म्हणजे काम माझ्याच गळ्यात पडलंय 😀). सासूबाई आयुष्यभर सासवडला राहिल्या, संसार, मुलं, सासू-सासरे सगळं बघून गावातल्या प्रत्येक कामात पुढे. माउलींची पालखी दिवेघाट चढून सासवडला दोन रात्री मुक्कामाला असते, तेव्हा आमच्या ओसरीवर वारकरी झोपायचे आणि ह्या पहाटे तीनपासून पिठल्याला फोडणी देत बसायच्या, वर आम्हाला दम, भाकरी गरमच वाढायची म्हणून. पल्स पोलिओच्या रविवारी लसीचा डबा खांद्याला, वाड्यावस्त्यांवर पायी, पोरांच्या करंगळीला शाई लावत. 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला तेव्हा त्यांनी गल्लीत पेढे वाटले, जणू घरातलंच कोणी पास झालं!

आता अडचण अशी की जुने फोटो चिकटपट्टीच्या अल्बमला घट्ट चिकटलेत, ओढले तर फाटतील. न काढता नीट स्कॅन करून देणारं कोणी पेठांत किंवा कोथरूडला माहितीये का? आणि शेजारणींच्या आठवणी मोबाईलवर रेकॉर्ड केल्यात, त्या मराठीत टाईप करून देणारं कोणी? भाषा मात्र त्यांचीच राहायला हवी, उगाच शुद्ध केलेली नको. शंभरेक प्रतींना अप्पा बळवंत चौकाच्या आसपास साधारण किती खर्च येईल तेही सांगा प्लीज.